मागून गाडी ठोकली: चूक कोणाची, भरपाई कोणाकडून? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सिग्नलला थांबलो होतो आणि मागून दणका बसला. घाटात पुढच्याने कचकन ब्रेक मारला. एक्सप्रेसवेवर चार गाड्या एकमेकींत घुसल्या. अशा अपघातांनंतर लोक जे विचारतात तेच इथे घेतलं आहे. उदाहरणं महाराष्ट्रातली आहेत. मोटार वाहन कायदा देशभर एकच असल्याने पणजीत किंवा बेळगावात उत्तरं फारशी बदलत नाहीत, बदलतात त्या पोलिस ठाण्यांच्या सवयी.

मागून धडकला म्हणजे चूक त्याचीच, असं कायद्यात लिहिलंय का?

नाही. तरी बहुतेक वेळा निकाल तसाच लागतो आणि त्याला कारण आहे. पुढची गाडी अचानक थांबली किंवा हळू झाली तरी धडक होणार नाही एवढं अंतर मागच्या चालकाने ठेवायचं, असा नियम १९८९ च्या रस्ता नियमावलीतच होता. २०१७ च्या नव्या नियमावलीतही तो आहे. त्यामुळे ‘त्याने एकदम ब्रेक मारला’ एवढं म्हणून मागचा सुटत नाही. पुढचा एकदम ब्रेक मारू शकतो हे गृहीत धरूनच तो नियम केलेला आहे.

पण त्याच नियमावलीत दुसरी बाजूही आहे. सुरक्षिततेसाठी गरज नसताना कोणीही अचानक ब्रेक मारू नये. म्हणून मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे (अपघाताच्या भरपाईचे दावे इथे चालतात; पुढे नुसतं ‘न्यायाधिकरण’) प्रश्न दोन असतात: मागच्याने अंतर किती ठेवलं होतं, आणि पुढचा का थांबला? पहिल्याचं उत्तर सगळे मागतात. दुसरा प्रश्न ज्याला वेळेवर सुचतो, त्याच्या प्रकरणाचा रंग बदलतो.

सुरक्षित अंतर म्हणजे नेमकं किती?

नियमात आकडा नाही. २०१८ च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने ढोबळ माप सांगितलं: चांगल्या परिस्थितीत निदान दोन ते तीन सेकंदांचं अंतर. त्या प्रकरणात मारुती कार ट्रकच्या मागे जेमतेम दहा-पंधरा फुटांवर होती. ट्रकने ब्रेक मारला आणि कार त्यात घुसली. ट्रकचालकाचा निष्काळजीपणा न्यायालयाने मान्य केला नाही.

सेकंदांचं मीटरमध्ये रूपांतर केलं की आपण सगळे किती चिकटून चालवतो ते कळतं. ताशी ६० ला गाडी सेकंदाला साधारण १७ मीटर जाते, म्हणजे दोन सेकंदांना ३३ मीटर. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर कारला ताशी १०० ची मर्यादा आहे. त्या वेगात तीन सेकंद म्हणजे ८० मीटरहून जास्त. पुढच्या गाडीचा नंबर सहज वाचता येतोय, तर तुम्ही बहुधा फार जवळ आहात. पावसात, धुक्यात, उतारावर हे अंतर आणखी वाढवायचं. एवढं अंतर ठेवलं की मध्ये कोणीतरी घुसतोच, ही तक्रार शंभर टक्के खरी आहे. न्यायाधिकरणात मात्र ती चालत नाही.

पुढच्याने काहीही कारण नसताना ब्रेक मारला, तर सगळा दोष माझाच का?

नाही, आणि यावर ताजा निकाल आहे. २०१७ मध्ये कोइमतूरला अभियांत्रिकीचा एक विद्यार्थी मोटारसायकलवरून चालला होता. पुढच्या कारने महामार्गावर अचानक ब्रेक मारला. चालकाचं म्हणणं, गरोदर पत्नीला उलटी येत होती. मोटारसायकल कारवर आदळली, मुलगा पडला, मागून येणारी बस त्याच्या पायावरून गेली आणि डावा पाय कापावा लागला.

जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोष असा वाटला: कारचालक ५० टक्के, बस ३० टक्के, विद्यार्थी २० टक्के. महामार्गावर गाड्या वेगात असतात, तिथे थांबायचं तर मागच्यांना इशारा देणं ही थांबणाऱ्याची जबाबदारी, असं न्यायालयाने म्हटलं. उलटीचं कारण माणूस म्हणून पटतं. त्यासाठी इंडिकेटर देऊन कडेला घ्यायचं असतं. विद्यार्थ्यावर २० टक्के आले कारण त्यानेही अंतर ठेवलं नव्हतं आणि त्याच्याकडे वैध लायसन्स नव्हतं.

पुढच्याने ब्रेक का मारला याची उत्तरं साधारण ठरलेली असतात. आडवं आलेलं जनावर, पोर, खड्डा किंवा पुढे झालेला अपघात असेल, तर दोष मागच्याकडे झुकतो. चुकलेला एक्झिट, फोन, भांडणातून मुद्दाम मारलेला ब्रेक, बंद पडलेले ब्रेक लाइट, सर्व्हिस रोडला वळायला शेवटच्या क्षणी तिसऱ्या लेनमधून घेतलेली उडी, यातलं काही सिद्ध झालं तर पुढच्याच्या वाट्यालाही दोष येतो. रिव्हर्स घेताना पुढचाच मागे येऊन आदळला असेल, तर तो मागून धडकेचा अपघातच नाही, फक्त तसा दिसतो. टोलनाक्याच्या रांगेत आणि सोसायटीच्या उतारावर हे नेहमी घडतं. तिथे व्हिडिओ नसला की दोघंही एकमेकांवर ढकलतात.

रात्री बिनदिव्याचा बंद ट्रक उभा होता आणि मी त्यावर आदळलो. चूक माझी?

पोलिस पहिला गुन्हा बऱ्याचदा आदळणाऱ्यावरच दाखल करतात, कधी मृत चालकावरसुद्धा. त्याने खचून जाऊ नका. २०१८ मध्ये रात्री रस्त्याच्या मधोमध दिवे न लावता उभ्या असलेल्या टँकरच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने कारचालकाचा काहीच दोष धरला नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये महामार्गावर बेवारस सोडलेल्या ट्रेलरच्या प्रकरणातही तसाच निकाल आला.

अशा प्रकरणात घटनास्थळ पंचनामा शब्द न् शब्द वाचा. ट्रकचा किती भाग डांबरावर होता आणि किती शोल्डरवर, म्हणजे रस्त्याच्या कडेच्या पट्टीवर? मागे रिफ्लेक्टर पट्टी होती का? त्रिकोण, झाडाच्या फांद्या, दगड असं काही ठेवलं होतं का? रस्त्यावरचे दिवे चालू होते का? पंचनाम्यात यातलं काहीच नसेल, तर तुमच्या नातेवाईकांनी त्याच रात्री किंवा दुसऱ्या दिवशी काढलेले फोटो सोन्याच्या मोलाचे.

तीन-चार गाड्या एकामागोमाग आदळल्या. मी मधला होतो.

मधल्याची पंचाईत अशी की पुढचाही त्याच्याकडे पैसे मागतो आणि मागचा म्हणतो, ‘तू आधीच ठोकली होतीस.’ इथे एक साधा प्रश्न फार कामी येतो. सगळ्यात पुढच्या गाडीत बसलेल्यांना विचारा: दणका एकदा बसला की दोनदा? एकदाच बसला असेल, तर मधली गाडी बहुधा थांबलेली होती आणि मागच्याच्या धक्क्याने पुढे ढकलली गेली. दोनदा बसला असेल, तर मधला आधी आदळला आणि मग मागचा त्याच्यावर. ही माणसं निघून जायच्या आत त्यांचं नाव-नंबर घ्या.

गाडीवरच्या खुणाही बोलतात. जोरात ब्रेक मारला की गाडीचं नाक खाली जातं. म्हणून ब्रेक मारत आदळलेल्या गाडीचा बॉनेट पुढच्याच्या बंपरखाली घुसलेला दिसतो. ब्रेक न मारता आदळलेली गाडी बंपरला बंपर लागते. विमा कंपनीचा सर्व्हेअर, म्हणजे नुकसान तपासणारा माणूस, हे बघतो. गॅरेजमध्ये गाडी खोलायच्या आधी तुम्हीही चारही बाजूंनी फोटो काढा.

पुण्यात नवले पुलावर नोव्हेंबर २०२२ मध्ये एका अवजड वाहनाने चाळीसहून जास्त गाड्या उडवल्या. असं काही झालं की मधल्यांना एकमेकांशी भांडायचं कारणच उरत नाही. सगळ्यांचा रोख त्या एका वाहनाच्या विम्याकडे.

ट्रकवाला म्हणतो ब्रेक फेल झाले. मग कोणालाच दोष नाही?

मालकाला हे इतकं स्वस्तात मिळत नाही. १९७७ पासून सर्वोच्च न्यायालयाची भूमिका स्पष्ट आहे: दोष लपलेला होता आणि नीट काळजी घेऊनही तो कळला नसता, हे मालकाने दाखवायचं. सर्व्हिसिंगची बिलं, फिटनेस प्रमाणपत्र, अपघातानंतरचा आरटीओच्या मोटार वाहन निरीक्षकाचा तपासणी अहवाल, सगळं मागता येतं. भोर घाटात गिअर न्यूट्रलला टाकून डिझेल वाचवत उतरणाऱ्याचे ब्रेक तापून निकामी झाले, तर त्याला तांत्रिक बिघाड म्हणायला जीभ रेटत नाही.

धडक झाल्यावर पहिल्या अर्ध्या तासात काय करायचं?

आधी माणसं. हॅझर्ड लाइट लावा आणि गाडीत बसलेल्यांना बॅरियरच्या पलीकडे न्या. द्रुतगती मार्गावर दुसरी धडक पहिलीपेक्षा वाईट असते. १०८ ला रुग्णवाहिका, ११२ ला पोलिस, राष्ट्रीय महामार्गावर १०३३.

मग गाड्या हलवायच्या आत फोटो. नुसत्या चेपलेल्या डिकीचे नकोत. दोन्ही गाड्या, लेनचे पट्टे आणि दुभाजक एका चौकटीत येतील असे लांबून घ्या. काचेचे तुकडे कुठे पडलेत, टायरचे काळे ओरखडे कुठून सुरू होतात, तेही टिपा. समोरच्याची नंबर प्लेट, लायसन्स, विम्याचा कागद. डिजीलॉकर किंवा एम-परिवहनवर दाखवलं तर त्याचाही फोटो. रस्ता अडला असेल तर हे दोन मिनिटांत उरका आणि गाड्या कडेला घ्या.

कायद्याने चालकावर तीन कामं आहेत: जखमीला उपचार मिळवून देणं, जास्तीत जास्त २४ तासांत पोलिसांना कळवणं आणि आपल्या विमा कंपनीला कळवणं. जमाव चाल करून आला तर तिथे थांबायची सक्ती नाही. सरळ जवळचं पोलिस ठाणं गाठा. पळून जाणं आणि ठाण्यात जाणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

एक गोष्ट मात्र कटाक्षाने टाळा: ‘चूक माझी होती, सगळा खर्च देईन’ असं कागदावर किंवा व्हॉट्सॲपवर लिहून देणं. नेहमीच्या मोटार पॉलिसीत अट असते की कंपनीच्या लेखी संमतीशिवाय चूक कबूल करायची नाही आणि पैशाचं वचन द्यायचं नाही. विचारपूस करा, दवाखान्यात न्या, पाणी द्या. कबुलीजबाब देऊ नका.

समोरचा म्हणतो, ‘पोलिस कशाला, इथेच मिटवू.’ मिटवावं का?

बंपरला ओरखडा, टेल लॅम्प फुटलेला, कोणाला काही लागलेलं नाही: जरूर मिटवा. पैसे यूपीआयने घ्या आणि सोबत एक ओळीचा मेसेज ठेवा की अमुक गाडीच्या अमुक नुकसानीपोटी एवढे मिळाले, यापुढे या नुकसानीबद्दल मागणी नाही. रोख घेऊन निघून गेलात आणि आठवड्याने त्याने उलटी तक्रार केली, तर हातात काही नसतं.

कोणाला लागलं असेल तर रस्त्यावरची मांडवली नकोच. मानेला बसलेला हिसका त्या वेळी जाणवत नाही. रात्री किंवा दुसऱ्या दिवशी मान आखडते, हाताला मुंग्या येतात. तेव्हा दिलेले पाच हजार एका एमआरआयलाही पुरत नाहीत. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा आणि कागदावर ‘वाहन अपघात’ असं लिहून घ्या. नुसतं ‘मानदुखी’ लिहिलेला कागद वर्षभराने विमा कंपनीचा वकील तुमच्याच विरुद्ध वापरतो.

पोलिसांत कोणती नोंद होते?

कोणालाच इजा नसेल, तर बहुतेक ठाण्यांत स्टेशन डायरीला नोंद करून पाठवतात. फक्त स्वतःच्या गाडीच्या दुरुस्तीचा क्लेम असेल, तर कंपन्या सहसा तेवढ्यावर भागवतात. इजा असेल तर एफआयआरचा आग्रह धरा. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. बेदरकार चालवण्याला कलम २८१, इजेला कलम १२५, निष्काळजीपणाने मृत्यूला कलम १०६. अपघात साताऱ्याजवळ झाला आणि जखमी पुण्याच्या रुग्णालयात आहे, अशा वेळी फिर्याद पुण्यातही देता येते. हद्दीचं कारण सांगून परत पाठवता येत नाही.

गाडी जप्त झाली तर आरटीओ तपासणी झाल्यावर न्यायालयातून सुपूर्तनाम्यावर (मागाल तेव्हा गाडी हजर करीन अशा हमीवर) सोडवावी लागते.

आणखी एक गोष्ट, जी फार थोड्यांना माहीत असते. २०२२ पासूनच्या नियमांप्रमाणे इजा किंवा मृत्यूच्या अपघातात तपास अधिकाऱ्याने ४८ तासांत प्राथमिक अपघात अहवाल आणि ९० दिवसांत सविस्तर अहवाल न्यायाधिकरणाकडे द्यायचा असतो. डिसेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही त्याची अंमलबजावणी करायला सांगितलं. हा अहवाल भरपाईचा अर्ज म्हणूनच धरता येतो. ठाण्यात वेळेत होईलच असं धरून चालू नका. लेखी अर्ज देऊन प्रत मागा आणि पोच घ्या.

डॅशकॅमचं चित्रण चालतं का? सीसीटीव्ही कसा मिळवायचा?

चालतं. सोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं, तुमचा वकील ते तयार करेल. मूळ मेमरी कार्ड काढून बाजूला ठेवा. नुसती व्हॉट्सॲपवर पाठवलेली क्लिप पुरत नाही. पेट्रोल पंप, हॉटेल, टोलनाका यांचं चित्रण थोड्या दिवसांत पुसलं जातं, म्हणून दुसऱ्याच दिवशी त्यांना आणि ठाण्याला ‘जतन करा’ असं पत्र द्या. माझं मत विचाराल तर मागून धडकेच्या वादात पाच-सहा हजारांचा पुढे-मागे पाहणारा डॅशकॅम हा विम्याइतकाच कामाचा खर्च आहे. पुढचा का थांबला, या प्रश्नाला दुसरं प्रामाणिक उत्तर क्वचितच मिळतं.

माझ्या गाडीची दुरुस्ती कोण देणार?

तुमची पॉलिसी कॉम्प्रिहेन्सिव्ह, म्हणजे स्वतःच्या गाडीचं नुकसानही भरणारी असेल, तर चूक कोणाचीही असो, तुमची कंपनी. गाडी गॅरेजला न्या, कळवा, सर्व्हेअर येईपर्यंत काम सुरू करू देऊ नका. झीरो डेप (घसारा न कापण्याचं जादा संरक्षण) नसेल तर रबर-प्लॅस्टिकच्या भागांवर ५० टक्के घसारा कापतात, आणि मागून धडकेत फुटतो तो बंपर नेमका प्लॅस्टिकचा. काचेला कापत नाहीत. शिवाय अनिवार्य कपात: १५०० सीसीपर्यंत हजार रुपये, त्यावर दोन हजार.

चूक समोरच्याची असूनही नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल हप्त्यावर मिळणारी सूट) तुमचाच जातो. लोकांना याचा सगळ्यात जास्त राग येतो आणि तो रास्त आहे. म्हणून छोट्या कामाला हिशेब करूनच क्लेम टाका. समजा ओन डॅमेजचा, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या विम्याचा मूळ हप्ता १२,००० आहे आणि तुम्हाला ५० टक्के बोनस आहे. क्लेम केला की पुढच्या वर्षी बोनस शून्य, मग क्रमाने २०, २५, ३५, ४५ टक्के. हप्ता तेवढाच राहिला असं धरलं, तर पुन्हा पन्नासवर पोचेपर्यंत एकूण १५,००० रुपये जास्त भरता. बोनस संरक्षणाचं ॲड-ऑन नसेल तर आठ हजारांच्या बंपरसाठी क्लेम करणं शुद्ध आतबट्ट्याचा व्यवहार.

माझा फक्त थर्ड पार्टी विमा आहे. मागच्याने ठोकली. मग?

थर्ड पार्टी विमा फक्त दुसऱ्याचं नुकसान भरतो, त्यामुळे तुमची कंपनी तुमच्या गाडीचं काही देणार नाही. मागच्याच्या थर्ड पार्टी विम्यातून मालमत्तेच्या नुकसानीची भरपाई मागता येते. खासगी कारच्या पॉलिसीत ही मर्यादा साधारणपणे साडेसात लाख असते. त्यासाठी अपघाताची पोलिस नोंद, दुरुस्तीची मूळ बिलं, फोटो घेऊन मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात जावं लागतं. पंधरा-वीस हजारांसाठी कोणी तारखा घालत नाही, हे समोरच्यालाही ठाऊक असतं. अशा वेळी समजुतीने वसूल झालं तेवढं बरं.

मार लागला आहे. दावा कुठे आणि किती दिवसांत?

अपघात झाला तिथे, तुम्ही राहता किंवा काम करता तिथे, किंवा प्रतिवादी राहतो तिथे: तिन्हींपैकी कुठल्याही जिल्ह्याच्या न्यायाधिकरणात. खोपोलीत अपघात झालेल्या नाशिककराला रायगडला खेटे घालायची गरज नाही.

मुदत सहा महिने. १ एप्रिल २०२२ पासूनच्या अपघातांना ही अट आहे. तिला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेलं असून मुदत संपली म्हणून दावे फेटाळू नयेत, असा अंतरिम आदेश नोव्हेंबर २०२५ मध्ये झाला. त्या आदेशाच्या भरवशावर मात्र बसू नका. सहा महिने ही पक्की तारीख धरूनच चाला.

उपचाराचं वेगळं बघा. मे २०२५ पासूनच्या केंद्राच्या कॅशलेस योजनेत रस्ता अपघातातल्या जखमीला पहिल्या सात दिवसांसाठी दीड लाखापर्यंतचे उपचार ठरावीक रुग्णालयांत मिळतात. चूक कोणाची हे तिथे बघत नाहीत.

भरपाई कशी मोजतात?

वाटेल तो आकडा टाकायचा आणि न्यायाधीशांनी निम्मा करायचा, असा समज आहे. तसं नाही. २००९ आणि २०१७ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालांनी सूत्र ठरलेलं आहे.

समजा ३४ वर्षांचा एसी मेकॅनिक, स्वतःचा धंदा, महिना २५,००० उत्पन्न. मागून ट्रकने ठोकलं आणि मणक्याला इजा झाली. वर्षाचे ३ लाख. चाळिशीच्या आतला स्वयंरोजगारी म्हणून भविष्यातल्या वाढीचे ४० टक्के मिळवले की ४,२०,०००. कमाईची क्षमता २५ टक्के गेली असं न्यायाधिकरणाने धरलं तर वर्षाचं नुकसान १,०५,०००. ३१ ते ३५ वयाला गुणक, म्हणजे वर्षाच्या नुकसानीला ज्याने गुणायचं तो ठरलेला आकडा, १६. म्हणजे १६,८०,०००. यावर दवाखान्याचा खर्च, बुडालेली मजुरी, वेदना, पुढचे उपचार वेगळे.

यातला कळीचा आकडा तो २५ टक्क्यांचा. डॉक्टरांच्या अपंगत्व प्रमाणपत्रावरचा आकडा आणि कमाईची क्षमता घटल्याचा आकडा एकच नसतो. तीच मणक्याची इजा टेबलावर काम करणाऱ्याला १० टक्के नडेल. शिडी चढून युनिट उचलणाऱ्याला निम्मा धंदा सोडायला लावेल. म्हणून डॉक्टरांना साक्षीला बोलवा आणि काम नेमकं काय आहे हे तपशिलात सांगा. उत्पन्नाला आयकर विवरणपत्र सगळ्यात भक्कम. ते नसेल तर बँकेचा उतारा, जीएसटीची बिलं, ग्राहकांच्या यूपीआय नोंदी.

मृत्यूच्या दाव्यात याच सूत्रात मृताचा स्वतःवरचा खर्च वजा होतो आणि सहवास, अंत्यविधी वगैरेंच्या ठरलेल्या रकमा मिळवतात.

चूक सिद्ध करण्याच्या भानगडीत पडायचं नसेल, तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १६४ खाली मृत्यूला पाच लाख आणि गंभीर इजेला अडीच लाख मिळतात. पण ते स्वीकारले की मोठा दावा संपतो. कमावता माणूस गेला असेल तर हा मार्ग सहसा तोट्याचा.

थोडी चूक माझीही होती. मग काहीच मिळणार नाही?

मिळेल, तुमच्या वाट्याची टक्केवारी वजा होऊन. दहा लाखांचा दावा आणि तुमचा दोष ३० टक्के, तर सात लाख. सीटबेल्ट नव्हता किंवा दुचाकीवर तिघं होते, एवढ्यानेच दोष चिकटत नाही. त्यामुळे अपघात झाला किंवा इजा वाढली, असा संबंध दाखवावा लागतो.

प्रवाशांचा हिशेब वेगळाच. दोन चालकांच्या चुकीने तुमच्या शेजारी बसलेली आत्या जखमी झाली, तर ती दोघांपैकी कोणाकडूनही पूर्ण भरपाई घेऊ शकते. तुमची चूक तिच्या खात्यातून वजा होत नाही. एकाने जास्त दिलं तर ते दोघं आपापसांत बघून घेतील, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये सांगितलं आहे. आत्याने दाव्यात भाच्याच्या विमा कंपनीला प्रतिवादी केलं म्हणून घरात अबोला धरू नये. पैसे कंपनी देते. मात्र कार फक्त थर्ड पार्टी पॉलिसीवर असेल, तर आत बसलेल्यांना तिच्यातून सहसा मिळत नाही. मग समोरच्या गाडीचाच आधार.

समोरच्याचं लायसन्स नाही, किंवा तो प्यालेला होता.

विमा असेल तर न्यायाधिकरण बहुधा कंपनीला आधी तुम्हाला द्यायला लावतं आणि नंतर मालकाकडून वसूल करायची मुभा देतं. विमाच नसेल तर मालकाच्या खिशातून. न भरल्यास जिल्हाधिकाऱ्यांमार्फत जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसुली होते. कागदावर हे दमदार वाटतं, पण ज्याच्या नावावर काहीच नाही त्याच्याकडून वसूल काय होणार? म्हणून बिनविम्याची गाडी ठाण्यातून सुटायच्या आधीच हालचाल करा आणि तारण घेतल्याशिवाय ती सोडू नये असा अर्ज द्या.

ठोकून पळाला. नंबरही दिसला नाही.

आधी कॅमेरे शोधा. टोलनाक्याची फास्टॅग नोंद, द्रुतगती मार्गावरचे वेग पकडणारे कॅमेरे, आसपासच्या दुकानांचं चित्रण. गाडी सापडलीच नाही तर सरकारी योजनेतून मृत्यूला दोन लाख आणि गंभीर इजेला ५०,००० मिळतात. अर्ज तहसीलदार किंवा उपविभागीय अधिकाऱ्यांकडे.

विमा कंपनीचा माणूस घरी येऊन सही मागतोय.

कायद्याप्रमाणे कंपनीने ३० दिवसांत तडजोडीचा प्रस्ताव न्यायाधिकरणापुढे ठेवायचा असतो. घरी येऊन कोऱ्या कागदावर सही हा त्यातला भाग नाही. प्रस्ताव लेखी घ्या आणि वरच्या सूत्राने आकडा काढून ताडून बघा. उपचार चालू असताना तर मुळीच सही करू नका.

लोकअदालत वाईट नाही. महिन्या-दोन महिन्यांत पैसे हातात येतात. पण तिथल्या तडजोडीवर अपील नाही. सूत्राने येणाऱ्या रकमेच्या ऐंशी-पंच्याऐंशी टक्के मिळत असतील तर मी घ्या म्हणेन. निम्मे मिळत असतील तर तारीख घ्या. न्यायाधिकरणाच्या निकालावर उच्च न्यायालयात ९० दिवसांत अपील होतं, मात्र वादातली रक्कम एक लाखाच्या आत असेल तर नाही.

वकील लागतोच का?

सक्ती नाही. गाडीच्या नुकसानीला नसला तरी चालतं. कायमची इजा किंवा मृत्यू असेल तर असावा. रुग्णालयाच्या दारात कार्ड वाटणाऱ्यांपासून दूर राहा आणि रकमेच्या २५-३० टक्क्यांच्या करारावर सही करू नका. भारतात वकिलाला निकालातल्या रकमेचा वाटा फी म्हणून घ्यायला मनाई आहे.

फौजदारी खटल्यात चालक निर्दोष सुटला. माझा दावा बुडाला?

नाही. फौजदारी न्यायालयात गुन्हा निःसंशय सिद्ध व्हावा लागतो. न्यायाधिकरणात काय जास्त शक्य वाटतं एवढंच तोलतात. साक्षीदार फुटला म्हणून चालक सुटतो, पण पंचनाम्यातल्या टायरच्या खुणा फुटत नाहीत. उलट बाजूही लक्षात ठेवा: चालकावर आरोपपत्र झालं म्हणजे तुमची शंभर टक्के भरपाई पक्की, असंही नाही.

माझ्याच कंपनीने गाडीचा क्लेम नाकारला.

नाकारल्याचं कारण लेखी मागा. आधी कंपनीच्या तक्रार विभागाकडे जा. ३० दिवसांत समाधान झालं नाही तर विमा लोकपाल, म्हणजे विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी ऐकणारा अधिकारी. मुंबई आणि पुणे दोन्हीकडे कार्यालय आहे, फी नाही, वकील लागत नाही, ५० लाखांपर्यंतचे वाद ते बघतात. कंपनीच्या अंतिम नकारापासून एक वर्षाच्या आत जावं लागतं. ग्राहक आयोगाला दोन वर्षांची मुदत आहे. एकाच वेळी दोन्हीकडे जाता येत नाही. उशिरा कळवलं हे एकच कारण दिलं असेल, तर लोकपालाकडे जाणं सहसा फायद्याचं ठरतं. उशीर का झाला ते दाखवणारी रुग्णालयाची कागदपत्रं मात्र सोबत जोडा.